परमुलखातील एक कर्णेकरी

‘अलबेला’ हा बोलपट १९५१ साली पडद्यावर आला. गिरणीकामगाराच्या घरात वाढलेले भगवान पालव हे त्याचे नायक व दिग्दर्शक, आणि पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, हे त्याचे संगीतकार. ही दोन्ही नावे मराठी घरांत अजून आपलेपणाने घेतली जातात. त्याच बोलपटात एके ठिकाणी एक वाद्यवृंद पडद्यावर दिसतो, आणि त्याच्या अग्रभागी ट्रंपेट नावाचे पितळी वाद्य घेतलेला एक सावळा, हसतमुख मनुष्य उभा असतो. गाणे संपते, तो मनुष्य नाहीसा होतो, आणि प्रेक्षक नायकाच्या नाचाची आठवण घेऊन घरी जातो. त्या मनुष्याचे जन्मनाव आंतोनियो झेवियर वाझ. रंगमंचावरील नाव शिक चॉकलेट. मुंबईत त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्यांचे चरित्र हा केवळ एका वादकाच्या आयुष्याचा हिशेब नव्हे. परमुलखातून आलेली कला आपली केव्हा होते, आणि ती आपली करून देणाऱ्याचे नाव आपण का विसरतो, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा त्यात काही अंशी होतो. म्हणूनच हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम वाद्याविषयी दोन शब्द. तुतारी, शिंग व कर्णा ही आपल्याकडील फुंकण्याची धातुवाद्ये. देवळाच्या दारी किंवा मिरवणुकीच्या पुढे ती वाजतात, परंतु त्यांवर कोणी गाणे वाजवीत नाही. याचे कारण वादकाचे अज्ञान नव्हे, तर नळीचा स्वभाव होय. एकाच लांबीच्या नळीतून ओठांच्या ताणाने काही ठराविकच स्वर निघतात. त्यांच्या मधल्या जागा रिकाम्या राहतात, आणि खालच्या सप्तकात तर त्या फारच मोठ्या असतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात या नळीस कळी बसविण्यात आल्या. एक कळ दाबली की वारा जास्त लांबीच्या वळणातून जातो व स्वर एका पूर्ण स्वरांतराने उतरतो. दुसरीने तो अर्ध्याने उतरतो, तिसरीने दीडने. या तीन कळींच्या जोडण्यांतून सगळे बारा स्वर हाती आले, आणि राजाची वर्दी देणारा कर्णा गाऊ लागला. तथापि कळ स्वर देते, गोडवा देत नाही. तो ओठांनी, श्वासाने आणि वाद्याच्या तोंडाशी धरलेल्या लहानशा टोपणाने साधावा लागतो.

हे वाद्य गोव्याच्या मुलाच्या हाती कसे आले? वाझ यांचा जन्म १९१६ साली बारदेशातील हळदोणे गावी झाला. गोमंतकात त्या काळी चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळा असत, व त्यांत ‘मेस्त्र’ नावाचा संगीतशिक्षक मुलांना सारेगमाप्रमाणेच पाश्चात्य स्वरांची नावे घोकवून घेई. हातात बहुधा व्हायोलिन असे. प्रार्थनेत गाण्यासाठी व सणासुदीस वाजविण्यासाठी मुले तयार व्हावीत, एवढाच त्याचा हेतू. परंतु त्यामुळे शेतकऱ्याचा व तांडेलाचा मुलगाही पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचू लागे. आपल्या घराण्यांच्या परंपरेत विद्या गुरूच्या कंठातून शिष्याच्या कानात जाते. तिला कागदाची गरज नाही, किंबहुना कागदाविषयी तिला थोडा अविश्वासच आहे. गोव्याच्या खेड्यात मात्र संगीत आणि साक्षरता एकाच बाकावर बसून शिकली गेली. पुढे मुंबईस जे घडले त्याचे बीज येथे आहे.

शिकलेल्या विद्येला गोव्यात पोट भरण्याइतके गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा ही मुले पणजीहून आगबोटीने किंवा कॅसलरॉकच्या वाटेने आगगाडीत बसून मुंबईस येत. नकाशावर हे अंतर फार नाही, परंतु राजकीयदृष्ट्या तो परदेशप्रवास होता. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता. हळदोण्याचा मुलगा जन्माने पोर्तुगीज प्रजाजन, आणि मुंबई इंग्रजांची. आम्हां मराठवाड्यातील लोकांस ही स्थिती वेगळी समजावून सांगावयास नको. आमचे चाकूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. येथून मुंबईस निघालेल्या मनुष्याचा हाली शिक्का सरहद्दीपलीकडे चालत नसे, आणि वाटेत त्याला जकातीचे नाके लागे. मायबोलीचा मुलूख एक आणि राज्ये तीन, अशा काळी मुंबई हे शहर सर्वांचेच होते आणि कोणाचेच नव्हते. गोमंतकीयांनी तेथे धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ स्थापिले. अल्प भाड्यात पथारी, ट्रंक ठेवण्यास जागा आणि सायंकाळी एकत्र जपमाळ, असा तेथील क्रम असे. खलाशी, आचारी आणि वादक एकाच छपराखाली राहत.

वादकास काम तीन ठिकाणी मिळे: संस्थानिकांच्या व पलटणींच्या बँडांत, मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसणाऱ्या ताफ्यात, आणि साहेबलोकांच्या हॉटेलांत. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, चित्रे बोलू लागली, आणि त्यांपैकी दुसरे दार बंद होत गेले. याच सुमारास तिसरे दार मात्र अधिक उघडले, व ते उघडणारे लोक अमेरिकेतील कृष्णवर्णी वादक होते. जॅझ हे त्यांचे संगीत. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या समाजाने न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांत पलटणीच्या बँडांची वाद्ये, चर्चमधील भजने आणि शेतांवरील कष्टाची गाणी यांतून ते घडविले. मायदेशी या वादकांना ज्या हॉटेलात वाजवावयाचे त्याच हॉटेलात पुष्कळदा जेवावयास बसता येत नसे. म्हणून त्यांतील कित्येक पॅरिसला गेले, कित्येक शांघायला, आणि काही मुंबईस आले. १९३५ साली लिऑन ॲबी हे व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्या मागोमाग त्याच ताफ्यातील क्रिकेट स्मिथ या ज्येष्ठ ट्रंपेटवादकाने स्वतःचा बँड उभा केला. स्मिथ यांचा जन्म १८८१ चा. न्यूयॉर्क व पॅरिस पाहून पंचावन्नाव्या वर्षी हे गृहस्थ अपोलो बंदरावर वाजवीत होते. १९३६ साली त्यांनी मुंबईत ‘ताजमहाल’ या नावाची एक नृत्यधून मुद्रित केली. तिचे रचनाकार मेना सायलस हे मुंबईचे बगदादी यहुदी. अमेरिकेचा वादक, यहुदी रचनाकार, पारशी मालकाचे हॉटेल आणि इंग्रजी अंमल! त्या वेळची मुंबई एका ध्वनिमुद्रिकेत मावली होती असे म्हणण्यास हरकत नाही.

गोमंतकीय तरुणांस या लोकांकडून जे मिळाले ते पुस्तकात नव्हते. मेस्त्रने त्यांस कागदावर जे असेल ते बिनचूक वाजविण्यास शिकविले होते. जॅझमध्ये कागद ही केवळ सुरुवात असते. चीज ठरलेली, तिच्या खालचा स्वरमेळांचा क्रम ठरलेला. त्या क्रमाच्या आवर्तनात वादकाने त्या क्षणी सुचेल ते वाजवावयाचे, आणि समेवर येणाऱ्या गवयाप्रमाणे बरोबर जागेवर परतावयाचे. त्यातही गांधार आणि निषाद हे स्वर शुद्ध व कोमल यांच्या मधोमध कोठेतरी दुखरे, लोंबते ठेवावयाचे. पाच रेघांच्या लिपीत त्यांस नेमकी जागा नाही. श्रुतींचा विचार ज्याच्या कानांत आहे अशा मराठी रसिकास हे चमत्कारिक वाटणार नाही, परंतु मेस्त्रच्या विद्यार्थ्यास तो एक नवा जन्मच होता.

वाझ हे तरुणपणीच लहानमोठ्या बँडांतून वाजवू लागले आणि त्यांनी लुई आर्मस्ट्राँग यांस गुरू केले. गुरूची भेट नव्हती, होत्या त्या ध्वनिमुद्रिका. एकलव्याने मातीचा पुतळा मांडला, यांनी लाखेची तबकडी. आर्मस्ट्राँग यांचा खरखरीत गळा, कपाळाचा घाम टिपण्याचा पांढरा रुमाल, ट्रंपेट आभाळाकडे रोखून उंच स्वर धरून ठेवण्याची रीत, हे सारे त्यांनी उचलले. त्यांनी घेतलेले नावही बोलके आहे. साहेबलोकांच्या नाचघरात गोरेपणाला मान असताना या मनुष्याने आपल्या सावळेपणाचेच नाव करून ते पाटीवर लावले. यात केवळ विनोद आहे असे मला वाटत नाही. आपली कला ज्यांच्याकडून आली ते कोणत्या रंगाचे होते, याची जाहीर कबुली त्यात आहे असे मी समजतो.

यावर कोणी म्हणेल की हे तर निव्वळ अनुकरण. आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. बालगंधर्वांची नक्कल करीत करीत महाराष्ट्रातील एक सबंध पिढी गाऊ लागली. तिच्यातील बहुतेक नकलेवरच थांबले, आणि थोडे आपल्या आवाजापर्यंत पोचले. अनुकरण हे पाप नव्हे, तेथे मुक्काम करणे हा दोष. शिक चॉकलेट यांचा मुक्काम पुढे हलला की नाही, हे ठरविण्याचे स्थळ ताजचे नाचघर नव्हे. तेथे त्यांच्याकडून अनुकरणाचीच अपेक्षा होती, कारण गिऱ्हाइकाला लंडन-न्यूयॉर्कचा भास हवा होता. १९४५ साली त्यांच्या ‘म्युझिक मेकर्स’ या बँडाने अनेक प्रतिस्पर्ध्यांना मागे सारून ताजला लागून असलेल्या ग्रीन्स हॉटेलातील करार मिळविला. वादकाच्या दृष्टीने ही मोठी पायरी होती. महायुद्धाने मुंबई गोऱ्या सैनिकांनी भरून गेली होती, आणि रात्री नाचघरे ओसंडत होती. परंतु ज्या समाजावर हा सगळा डोलारा उभा होता तो समाजच बोटीत चढण्याच्या तयारीत होता.

१९४७ साली इंग्रज गेले. त्याच वेळी फाळणीमुळे लाहोर-कराचीच्या हॉटेलांत वाजविणारे गोमंतकीय वादक मुंबईस आले. लाहोरास बँड चालविणारे सेबास्टियन डिसोझा त्यांपैकीच. पुढे शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना बहुतांशी त्यांच्याच लेखणीतून उतरली. एकीकडे वादक वाढले, दुसरीकडे गिऱ्हाईक घटले. त्यातच मुंबई सरकारचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. प्याल्यावाचून नाचघर म्हणजे तेलावाचून समई. कायद्याचा हेतू काही असो, त्याने शेकडो वादकांची रात्रीची कमाई आटली हे खरे. मिकी कोरिया यांच्यासारख्यांचा बँड ताजमध्ये टिकून राहिला, पण तो अपवाद. बाकीच्यांनी सकाळी उठून दादर, परळ आणि ताडदेव येथील चित्रपटांच्या कलागृहांची वाट धरली.

येथे हळदोण्याची आणि पुणतांब्याची गाठ पडली. सी. रामचंद्र हे पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या चाली पेटीवर, कंठातून जन्मत. त्यांना पाश्चात्य तालांची मनापासून ओढ होती, आणि ‘शहनाई’ या १९४७ च्या बोलपटात ती उघड झालीच होती. पण ओढ असणे निराळे, आणि चाळीस-पन्नास वादकांच्या हाती चार मिनिटांचे गाणे निर्दोष सोपविणे निराळे. संगीतकार चाल गाऊन दाखवी. साहाय्यक ती रेघांवर उतरवून घेई. मग व्हायोलिने कोठे शिरावीत, ट्रंपेटने गायकाच्या ओळीला कोठे उत्तर द्यावे, दोन कडव्यांमधला रिकामा भाग कशाने भरावा, हे लिहिले जाई. प्रत्येक वादकाच्या चौकटीवर त्याचा त्याचा कागद लागे. गाणे आरंभापासून अखेरपर्यंत सलग मुद्रित होत असे. एकाचा स्वर चुकला की सारे पुन्हा पहिल्यापासून. अशा कामात वाचता येणारा वादकच टिकतो, आणि तो मेस्त्रच्या शाळेतून आलेला असे. शिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. पुढे मदनमोहन यांच्याकडेही त्यांनी ते काम केले.

‘अलबेला’ची गाणी ऐकताना मघाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. तेथील ट्रंपेट न्यूयॉर्कची नक्कल करीत नाही. ते मराठी माणसाने बांधलेल्या, हिंदी शब्दांच्या चालीला उत्तर देत आहे. लयीतील झोका जॅझचा आहे, पण झोका ज्या फांदीला बांधला आहे ती आपल्या अंगणातली आहे. आर्मस्ट्राँगच्या शिष्याला स्वतःचा आवाज परक्या मुलखात, परक्या भाषेच्या गाण्यात सापडला. अनुकरणाच्या मुक्कामावरून तो येथे पुढे सरकला असे मी म्हणतो.

सर्वांस हे रुचले नाही. केंद्रीय नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, हेही मराठीच, यांनी १९५२ पासून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीताचा त्यांनी केलेला पुरस्कार मोलाचा होता, आणि राजेरजवाड्यांचा आश्रय तुटलेल्या कलावंतांना त्यामुळे आधार मिळाला हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु परकीयाची भेसळ नको हा विचार मला पटत नाही. ज्या पेटीवाचून आपली बैठक होत नाही ती पेटी युरोपातून आली. व्हायोलिन कर्नाटकी गायकांनी मांडीवर घेतले आणि त्याची जात कोणी विचारली नाही. परके वाद्य घरात आले म्हणजे घर बाटते असे नव्हे. ते वाद्य घरच्या माणसांशी बोलू लागले की नाही एवढेच पाहावयाचे. श्रोत्यांनी आपला कौल दिला, व रेडिओची सुई सिलोनकडे फिरविली. मुंबईच्या नाचघराची पायरी ज्यांनी कधी पाहिली नाही अशा गावांत ट्रंपेटचा स्वर त्या वाटेने पोचला.

आणि तो तेथेच थांबला नाही. आमच्या भागात लग्नाच्या वरातीपुढे चालणारे बँडवाले हे चित्रपटगीतांचेच वादक. त्यांना स्वरलिपी येत नाही, कानाने चाल उचलून ते ती तशीच वाजवितात. त्यांच्या हातातील पितळी वाद्य ज्या चाली वाजविते, त्यांतील कित्येकींचे मधले तुकडे कोणा गोमंतकीयाने कागदावर लिहिले होते. म्हणजे मेस्त्रच्या बाकावरील विद्या कागदातून ध्वनिमुद्रिकेत आणि ध्वनिमुद्रिकेतून पुन्हा कानात उतरली. आता वरातीत ध्वनिक्षेपकांच्या भिंती येऊन या बँडवाल्यांचेही दिवस भरत आले आहेत. पण पाऊण शतकाच्या आत न्यू ऑर्लिन्सचे वाद्य ताजमार्गे मराठवाड्याच्या गल्लीत आले, हा प्रवास लहान नव्हे.

या सर्वांत नावाचे काय झाले? १९४९ च्या ‘महल’ या बोलपटातील सुप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नावसुद्धा प्रथम छापलेले नव्हते. त्या जागी ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव होते. लता मंगेशकरांची ही गत, तर ट्रंपेटवाल्यास कोण पुसतो! गायकांनी पुढे आपला हक्क मिळविला. वादक मात्र श्रेयनामावलीत ‘साहाय्यक’ या शब्दामागे राहिले, नाहीतर तेथेही राहिले नाहीत. शिक चॉकलेट यांस १९५१ सालीच ‘नादान’ या बोलपटाचे स्वतंत्र संगीत देण्याची संधी मिळाली, आणि तलत महमूद यांनी त्यात गाइलेले गीत रसिकांच्या स्मरणात राहिले. तरी संगीतकार म्हणून त्यांचे बस्तान बसले नाही. अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर याहून बोलकी. मजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभारला. पुढे शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले. नाव देशभर झाले, पण ते एका विनोदी पात्राचे म्हणून. त्या नावाचा खरा मनुष्य होता, हे गाणे गुणगुणणाऱ्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

आपण हिशेबात कोणास धरतो याचा हा प्रश्न आहे. गवयाचे चरित्र लिहावयाचे आणि सारंगियाला एका ओळीत आटोपावयाचे, ही आपली जुनी खोड. शाहिराचे नाव ठेवावयाचे व ढोलकीवाल्याचे टाकावयाचे, ही तिचीच दुसरी बाजू. त्यात वादक परमुलखातला, परधर्माचा आणि परक्या वाद्याचा असला म्हणजे विसरणे अधिकच सोपे होते. गेल्या काही वर्षांत नरेश फर्नांडिस यांच्यासारख्या लेखकांनी इंग्रजीत या वादकांचा शोध घेतला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जे संगीत मराठी माणसाच्या चालीत मिसळले, त्याचा इतिहास मराठी संगीताच्या इतिहासातही असावयास हवा. तो परिशिष्टात नव्हे, तर मूळ प्रकरणात असावा.

शिक चॉकलेट १९६७ च्या मे महिन्यात वारले. वय अवघे एक्कावन्न. गोवा मुक्त होऊन त्या वेळी साडेपाच वर्षे लोटली होती, म्हणजे ज्या शहरात त्यांनी आपली बरीच कारकीर्द घालविली तेथे ते कायद्याने ‘परदेशी’ उरले नव्हते. ग्रीन्स हॉटेलही पुढे पाडले गेले, आणि त्या जागी १९७३ साली ताजची उंच इमारत उभी राहिली. वास्तू गेली, बँड विखुरला. ‘अलबेला’ची फीत मात्र शिल्लक आहे. ती पुन्हा पाहण्याचा योग येईल तेव्हा वाचकांनी नायकावरून क्षणभर नजर काढून मागच्या त्या सावळ्या वादकाकडे पाहावे, आणि शेजारी बसलेल्या मुलांना त्याचे नाव सांगावे: आंतोनियो झेवियर वाझ, राहणार हळदोणे, तालुका बारदेश.